लायसिनचा हिशेब



विषय काय ठेवायचा, असे व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विचारले तेव्हा मी ‘लायसिन’ एवढेच कळवले. फोनवर जरा वेळ कोणी बोलेना. मग विचारणा झाली, ‘सर, पत्रिकेत असंच छापायचं का? लोक येतील ना?’ तुम्ही आलात, म्हणून आधी तुमचे आभार.

जीवरसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर म्हटला की लोक रस्त्यात गाठतात. कुणाचा मुलगा जिमला जातो आणि त्याच्या डब्यावर ‘बीसीएए’ लिहिलेले असते. कुणाच्या आईला अशक्तपणासाठी अमिनो ॲसिडच्या कॅप्सूल दिलेल्या असतात. कुणाच्या नातवाला पावडर घातल्याशिवाय दूध जात नाही. प्रश्न सगळ्यांचा एकच, ‘घ्यावं का?’ या प्रश्नाला मी नेहमी उलटा प्रश्न करतो, ‘कमी काय पडतंय?’ आणि तिथे संभाषण अडते, कारण ते कुणी मोजलेलेच नसते. आजचे माझे सगळे बोलणे या अडलेल्या जागेविषयी आहे. अमिनो आम्ले वीस. सगळ्यांवर तासाभरात बोलायचे तर पाठ्यपुस्तक वाचून दाखवावे लागेल. म्हणून एकच धरतो, लायसिन. त्यातही स्वार्थ आहे. आपल्या ताटात कमी पडायची शक्यता सर्वांत जास्त याच एकाची.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे शाळेत शिकलेलो असतो. वीसपैकी नऊ आम्ले माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्या नवांतले एकही कमी पडले की बाकीच्यांचे काय होते, ते पाहा. शिंप्याकडे वीस शर्टांचे कापड आहे, दोरा आहे, पण बटणे आठ शर्टांपुरतीच आहेत. पुरे होऊन खुंटीला लागतील ते आठच शर्ट. शिंपी उरलेले कापड कपाटात ठेवतो. शरीराकडे अमिनो आम्लांसाठी कपाट नाही. वापरता न आलेल्या आम्लांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि राहिलेला भाग इंधन म्हणून जळून श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हे ‘श्वासावाटे’ लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

लायसिन पहिल्यांदा वेगळे काढले ते १८८९ मध्ये, ड्रेक्सेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, दुधातल्या केसिनपासून. ते खाण्यात नसेल तर काय होते हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. अमेरिकेत न्यू हेवनला ऑस्बोर्न आणि मेंडेल या जोडीने १९१४ मध्ये उंदरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते मी वर्गात दरवर्षी सांगत असे. उंदरांच्या अन्नात प्रथिन म्हणून फक्त मक्यातले झाईन ठेवले. उंदरांचे वजन घटू लागले. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचे एक आम्ल घातल्यावर वजन घटायचे थांबले, पण उंदीर वाढेनात. मग लायसिनही घातले आणि उंदीर वाढू लागले. गव्हातल्या ग्लायाडिन या प्रथिनावर ठेवलेले उंदीर मरत नव्हते, आजारीही दिसत नव्हते, नुसते लहानच राहत होते. लायसिन दिले की थांबलेली वाढ पुन्हा सुरू. पोट भरलेले, अंगाने धडधाकट, फक्त खुजे उंदीर. ग्रामीण भागात मुलांच्या उंचीचे तक्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या उंदरांकडे निव्वळ प्रयोगशाळेतली गोष्ट म्हणून पाहता येणार नाही.

माणसाला रोज किती लायसिन लागते, हे इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी काढले. १९३५ मध्ये थ्रिओनिन शोधणारे ते हेच. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांनी आपल्याच विद्यार्थ्यांना मक्याचा स्टार्च, साखर, लोण्याची चरबी आणि शुद्ध अमिनो आम्लांचे मिश्रण यांवर ठेवले. मग एकेक आम्ल काढून घेऊन खाल्लेला आणि बाहेर पडलेला नायट्रोजन मोजला. शुद्ध अमिनो आम्लांची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना त्या विद्यार्थ्यांबद्दल आदर वाटेल. या प्रयोगांतून निघालेला आकडा रोज जास्तीत जास्त ०.८ ग्रॅम असा होता. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही तोच राहिला: शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १२ मिलिग्रॅम.

आता आपल्या ताटाकडे येऊ. पुढचे आकडे ढोबळ आहेत. वाण, जमीन, पाऊस यांनी बदलतात. एक ग्रॅम प्रथिनात ज्वारी लायसिन देते सुमारे २० ते २२ मिलिग्रॅम, गहू २५ च्या आसपास, तांदूळ ३६ च्या आसपास. तूरडाळ देते ६५ ते ७०, दूध ७५ ते ८०. धान्य आणि डाळ यांतली दरी डोळ्यांत भरण्याजोगी आहे. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी. म्हणून वरणभात, भाकरी-पिठले, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. कोकणात आणि गोव्यात पेजेबरोबर सुक्या मासळीचा तुकडा असतो, तोही लायसिनचा उत्तम पुरवठा. यात पूर्वजांचे शास्त्र वगैरे होते असे मी म्हणणार नाही. ज्या घरांत हे जमले तिथली पोरे टिकली, एवढेच म्हणता येईल.

जाता जाता, लायसिन उष्णतेला फार हळवे आहे. त्याच्या टोकाशी असलेला अमिनो गट साखरेशी पटकन जोडला जातो आणि मग ते लायसिन आपल्याला मिळत नाही. बिस्किटाचा तांबूस रंग, खव्याचा खमंगपणा, आटलेल्या दुधाला येणारी बदामी छटा, या सगळ्यांत थोडेथोडे लायसिन कामी आलेले असते. बासुंदी सोडा असे मी सांगत नाही. मुलाला डब्यात रोज बिस्किटे देऊन ‘त्यात दूध आहे’ असे म्हणणाऱ्यांनी मात्र हे ऐकून ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाला प्रथिनांच्या काळजीने घेरले. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये मुलांचा क्वाशिओर्कर हा आजार वर्णिला होता. सुजलेले पाय, तांबूस केस, चिडकी मुले. हा प्रथिनाच्या उपासमारीचा आजार, असे मानले गेले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेले प्रथिनसंकट टाळण्यासाठी काय करावे, याचा अहवालच काढला. माशांची पूड, पेट्रोलियमवर वाढवलेले यीस्ट, जास्त लायसिनचा मका, असे उपाय पुढे आले. त्यांतला सर्वांत सुटसुटीत होता पिठात थेट लायसिन मिसळण्याचा.

ते शक्य झाले जपानमुळे. क्योवा हाक्को कंपनीतल्या शुकुओ किनोशिता यांच्या गटाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा मातीतला जिवाणू शोधला. आधी त्याच्याकडून ग्लुटामिक आम्ल करून घेतले, मग त्याची उत्परिवर्तित जात वापरून लायसिन. कच्चा माल साखर कारखान्यातली मळी. मळी म्हटल्यावर या सभागृहातले काही कान टवकारले असतील. पण आपली मळी कुठे गेली, ते आपण सगळे जाणतो. बाटलीबंद अमिनो आम्ल औषधशाळेतून कारखान्यात आले आणि किलोच्या भावाने मिळू लागले. भारतात सरकारी मालकीच्या मॉडर्न बेकरीजने १९६० च्या दशकाच्या अखेरीस जीवनसत्त्वांबरोबर लायसिन घातलेला पाव बाजारात आणला. मेणकागदात गुंडाळलेला तो पाव तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ला असेल. पण पाव विकत घेणारा माणूस शहरातला होता आणि त्याला लायसिनची कमतरता बहुधा नव्हतीच. ज्याला होती तो भाकरी घरी थापत होता. या योजनेची गोम इथेच होती.

हे उघडपणे आणि आकड्यांनिशी सांगणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला गेले, नमुना-सर्वेक्षणाच्या शास्त्रात नाव कमावले आणि १९५१ पासून जवळजवळ दोन दशके रोममध्ये अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग सांभाळला. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी जी मांडणी केली, ती अशी: भारतीयांच्या आहारात प्रथिन कमी आहे असे म्हणता, तर आहाराची पाहणी नीट बघा. ज्यांना प्रथिन अपुरे, ते बहुतेक सगळे उष्मांकातही अपुरे. आणि ज्यांना पोटभर मिळते, त्यांना धान्य-डाळीच्या त्याच जेवणातून प्रथिन आपोआप मिळते. उपाशी माणसाला प्रथिन दिले तरी शरीर ते इंधन म्हणून जाळणार. म्हणजे रोग भुकेचा आणि औषध प्रथिनाचे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होते. एकाच वस्तीतली, जवळपास एकच आहार घेणारी मुले. त्यांतल्या काहींना क्वाशिओर्कर होतो आणि काही नुसती वाळत जातात, हे त्यांनी दाखवले. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला, ‘द ग्रेट प्रोटीन फियास्को’. त्यानंतर प्रथिनसंकट हा शब्द आंतरराष्ट्रीय बैठकांतून हळूहळू नाहीसा झाला. प्रत्यक्ष चाचण्यांचा कौलही तसाच होता. थायलंडमध्ये तांदळात लायसिन आणि थ्रिओनिन घातले, ट्युनिशियात गव्हात लायसिन घातले; मुलांच्या वाढीवर त्याचा नजरेत भरेल असा परिणाम झाला नाही.

सुखात्मे आणि गोपालन एका बाजूला होते असे मात्र समजू नका. कमी खाणारे शरीर स्वतःला काही मर्यादेत जुळवून घेते, असे सुखात्मे म्हणत. त्यावरून अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा दारिद्र्यरेषेचा वाद चांगलाच गाजला. पुढे त्याच विचाराचा धागा पकडून लहान चणीची माणसे निरोगीच असतात, असा एक सिद्धान्त निघाला आणि गोपालन त्याच्यावर अक्षरशः तुटून पडले. खुजेपण गरिबाला चालते आणि श्रीमंताला चालत नाही, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. या वादात मी गोपालनांच्या बाजूचा आहे. लायसिनचा पाव भुकेवरचा उपाय नव्हे, हे सुखात्म्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण पटते.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते, व्याख्यान लवकर आटोपले असते. पण रोझ यांच्या आकड्यात गडबड होती. त्यांच्या विद्यार्थ्यांना भरपूर, नेहमीपेक्षा बरेच जास्त उष्मांक दिलेले होते, आणि इंधन इतके मुबलक असले की शरीर प्रथिन जपून वापरते. शिवाय त्वचेतून, केसांतून, घामातून जाणारा नायट्रोजन हिशेबात धरलेला नव्हता. १९८० च्या दशकात एमआयटीतल्या व्हर्नन यंग यांनी या आकड्यांवर शंका घेतली आणि पुढे बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुर्पड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांवर ते तपासले.

ही पद्धत सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. निरोगी तरुणांना ठरावीक आहार द्यायचा. त्यात लायसिन वेगवेगळ्या पातळीवर ठेवायचे. त्याबरोबर दुसरे एक अमिनो आम्ल, समजा ल्युसिन, असे द्यायचे की त्यातला कार्बन १३ या जड समस्थानिकाचा असेल. हा किरणोत्सारी नसतो, निरुपद्रवी असतो. मग दिवसरात्र, चोवीस तास, ठरावीक वेळाने त्यांचा श्वास पिशवीत भरून घ्यायचा. लायसिन कमी असेल तेव्हा ल्युसिन वापरता येत नाही, ते जळते आणि जड कार्बन श्वासात दिसतो. लायसिन वाढवत गेले की श्वासातला जड कार्बन कमी होत जातो. एका जागी मात्र तो घटायचा थांबतो. ती माणसाची गरज. रक्त थोडेसे, बाकी सगळा पुरावा उच्छ्वासात. उत्तर आले ३० मिलिग्रॅमच्या आसपास, प्रत्येक किलो वजनामागे. जुन्या आकड्याच्या अडीच पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाने हाच आकडा स्वीकारला.

साठ किलोच्या माणसाला आता रोज १,८०० मिलिग्रॅम लागतात. तीन भाकऱ्यांच्या २५० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साडेपाचशे मिळाले. दोन वेळचे मिळून ५० ग्रॅम डाळीचे वरण धरा, साडेसातशे. वाटीभर दही किंवा दूध, पाचशे. झाले अठराशे. आता वरण आणि दही काढून घ्या, जागेवर ठेचा ठेवा आणि पोट भरावे म्हणून भाकरी दुप्पट करा. उष्मांक पुरले, प्रथिनाचे ग्रॅमही कागदावर पुरले, लायसिन अकराशेच्या वर गेले नाही. पोट भरले म्हणजे प्रथिनही भरले, हे सुखात्म्यांचे सूत्र ताटात डाळ आहे असे गृहीत धरून चालत होते. डाळ मात्र पातळ होत गेली. १९५१ मध्ये देशात दरडोई रोज सुमारे ६० ग्रॅम डाळ उपलब्ध होती, २००० च्या सुमारास ती निम्म्यावर आली. हरितक्रांतीने गहू-तांदळाची कोठारे भरली. डाळीकडे त्या क्रांतीने पाहिलेच नाही. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा घराघरांत वरणात पाणी किती वाढले ते मोजायला कुणी गेले नाही.

नंतरच्या काही चाचण्यांनी लायसिनच्या बाजूने पारडे थोडे झुकवले, हेही सांगितले पाहिजे. पाकिस्तानात पेशावरकडे गव्हाच्या पिठात लायसिन घातल्यावर मुलांची वाढ सुधारली. घानामध्ये लायसिनची पुरवणी घेणाऱ्या मुलांना जुलाबांचा त्रास कमी झाला. ही सगळी धान्यावर जगणारी कुटुंबे होती. उणीव खरी असेल तिथे पुरवणी काम करते. ट्युनिशिया आणि थायलंडचा निकाल त्यामुळे खोटा ठरत नाही. ते निकाल वेगळ्या ताटांवरचे होते.

जगात बनणारे लायसिन आज वर्षाला वीस लाख टनांच्या वर आहे, आणि त्यातला माणसाच्या वाट्याला येणारा भाग अगदी किरकोळ. बाकी सगळे कोंबड्या आणि डुकरे खातात. कुठल्याही पोल्ट्रीच्या फीड मिलमध्ये जाऊन पाहा. मका, सोयाची पेंड, चुना, प्रीमिक्स आणि एका बाजूला २५ किलोच्या गोण्या, एल-लायसिन एचसीएल आणि डीएल-मेथिओनिन. लायसिनच्या गोणीवर शुद्धता लिहिलेली असते ९८.५ टक्के, आणि मिश्रण करणारा दहावी नापास मुलगासुद्धा तुम्हाला सांगेल की त्यातले खरे लायसिन ७८ टक्के, बाकीचे क्षार. पहिल्या आठवड्यातल्या ब्रॉयलरच्या खाद्यात पचनयोग्य लायसिन सुमारे १.२ ते १.३ टक्के लागते, पुढे ते उतरत जाते. बाकी सगळी अमिनो आम्ले लायसिनच्या प्रमाणात मोजतात. सोया महागला की संगणकावर सूत्र बदलते आणि लायसिन किती वाढवायचे ते किलोत कळते. हा व्यवहार एवढा मोठा की १९९० च्या दशकात अमेरिकेतली आर्चर डॅनियल्स मिडलँड (एडीएम) आणि काही जपानी, कोरियन कंपन्यांनी हॉटेलांच्या खोल्यांत बसून लायसिनचे भाव संगनमताने ठरवले. एफबीआयने ते चोरून चित्रित केले आणि १९९६ मध्ये एडीएमला दहा कोटी डॉलरचा दंड झाला. मॅट डेमनचा ‘द इन्फॉर्मंट!’ हा २००९ चा सिनेमा त्याच प्रकरणावर आहे. कोंबडीच्या खाद्यासाठी आणि सिनेमा, असे म्हणू नका, चांगला आहे.

पिल्लाच्या बाबतीत किती कमी पडते ते मोजून तेवढेच घालतात, कारण जास्त घातले तर पैसे वाया. माणसाच्या बाबतीत मोजत कुणी नाही आणि डबा तीन हजारांचा. त्या डब्यात काय असते? प्रथिन मोजायची जुनी रीत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या केल्डाल यांची, १८८३ ची: पदार्थातला नायट्रोजन मोजा आणि ६.२५ ने गुणा. नायट्रोजन प्रथिनाचाच आहे की आणखी कशाचा, हे ही पद्धत ओळखत नाही. म्हणून पावडरीत स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन घातले की कागदावर प्रथिन वाढते. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घालणाऱ्यांनी हीच फट वापरली होती. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपल्या बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरची प्रथिनाची माहिती चुकीची निघाली. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, तीनच आम्ले. बाकीची सहा कुठून आणणार? ज्याच्या जेवणात ती आहेत त्याच्या जेवणात ही तीनही असतात.

आणि आपली ती ‘ताकदीची बाटली’. पाचशे-हजार रुपये मोजून दंडातून घ्यायची, पिवळसर, अमिनो आम्लांची. २०० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे १० ग्रॅम अमिनो आम्ले. दोन अंड्यांत याहून जास्त असतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्या डॉक्टरांनी अशी बाटली लावायला नकार दिला की रोगी रागावून पुढच्या गावच्या दवाखान्यात जायचा, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यात डॉक्टरांचे उत्पन्न बुडाले, रोग्याचे काहीच वाचले नाही.

मग खरा उपयोग कुठेच नाही का? आहे, आणि तो फार नेमका आहे. मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये काही विशिष्ट न्यूरोएंडोक्राइन कर्करोगांवर ल्युटेशियम १७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. गाठीला चिकटलेल्या औषधाने गाठ जळते, पण काही औषध मूत्रपिंडात गाळले जाऊन तिथल्या नलिकांत शोषले जाते आणि मूत्रपिंड धोक्यात येते. उपाय असा: औषधाच्या अर्धा तास आधीपासून लायसिन आणि आर्जिनिनचे द्रावण चालू करायचे आणि नंतरही काही तास चालू ठेवायचे, दोन्ही प्रत्येकी १८ ते २४ ग्रॅमच्या आसपास. धनभारित असलेली ही आम्ले नलिकेतल्या शोषणाच्या जागा अडवून ठेवतात, आणि औषध लघवीवाटे निघून जाते. रोग्याला मळमळते, कधी उलटी होते, म्हणून आधी उलटीचे इंजेक्शन देतात. इथे लायसिन पोषण म्हणून दिलेले नाही, पहारेकरी म्हणून उभे केले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला काही बाळे असतात. लायसिन मोडणारे एक विकर जन्मतः सदोष असल्याने त्यांना झटके येतात. त्यांना पायरिडॉक्सिन देतात आणि आहारातले लायसिन मोजून कमी करतात. तेच आम्ल एका खाटेवर ग्रॅमने द्यायचे आणि दुसऱ्या खाटेवर मिलिग्रॅमने काढायचे.

तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात, त्यांच्यासाठी लायसिनच्या गोळ्या परदेशातून आणवणारे लोक मला भेटतात. ही कल्पना प्रयोगशाळेतून आली: हे फोड आणणाऱ्या विषाणूला वाढायला आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल लागते आणि लायसिन त्याच्याशी स्पर्धा करते. तबकडीतले माणसात उतरले नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याला लायसिनने फोड टळतात याचा पुरावा सापडला नाही. आर्जिनिनची गोष्ट जास्त गंभीर. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड करते, रक्तवाहिन्या सैलावतात, या शोधमालिकेला १९९८ चे नोबेल मिळाले. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते देऊन पाहिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवली. आणि झोपेसाठी म्हणून अमेरिकेत मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनमुळे १९८९ मध्ये दीड हजारांहून अधिक माणसे स्नायूंच्या भयंकर वेदनांनी आजारी पडली, तीसहून अधिक दगावली. बहुतेक माल एकाच उत्पादकाचा होता आणि संशय त्यातल्या अशुद्धींवर होता. औषध म्हणून नोंदणी नसल्याने कुणी तपासलेच नव्हते. ‘नैसर्गिक आहे, काय होणार?’ असे विचारणाऱ्यांना मी हे साल सांगतो.

ज्यांना काळजी घ्यायला हवी असे लोक आपल्यात आहेत. दात गेल्याने चहा-पोळीवर आलेली म्हातारी माणसे, जखमा भरत नसलेले रोगी, गरोदर बाया, दूध सुटल्यावर पेज नि बिस्किटावर आलेली दीड-दोन वर्षांची पोरे. मूत्रपिंडाच्या रोग्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवू नये. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा गट रेशनकार्डावरचा. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला ते १६६ ग्रॅम. तांदूळ धरला तर त्यातून लायसिन साडेचारशे मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाच्या गरजेच्या पाव हिस्सा. डाळ त्या कायद्यात नाही. एका अंड्यात साधारण तेवढेच, साडेचारशे मिलिग्रॅम. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले, न खाणाऱ्यांना केळे. केळ्यात लायसिन नावापुरतेच, तिथे दूध किंवा भिजवलेले हरभरे हवे होते, असे मी तेव्हाही म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना कळवले. या तालुक्यातल्या किती शाळांनी तशी वर्गणी काढली, हे सभागृहातल्या शिक्षकांनी प्रश्नोत्तरांत सांगितले तर मला लिहून घ्यायचे आहे.